ससाण्याच्या गाठोड्यात कोण?

"रिकामं आहे," बारीकराव म्हणाला.

"काय रिकामं आहे?" मी विचारलं.

"ससाण्याचं गाठोडं. आत ससाणा नाही. दुसरा कोणताही प्राणी नाही. कापड, चिखल आणि काड्या आहेत. तपासणी संपली. धन्यवाद."

त्या 'धन्यवाद'ने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तरंगिणी नाखवा. सगळे मला तरू म्हणतात. राग माझ्या नाकावरच असतो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर तक्रार नको. गोष्ट २०७१ सालातल्या मे महिन्याची. मी नुकतीच सातवीत गेले होते. बारीकराव हा आमच्या खाडीपूरच्या वस्तुसंग्रहालयातला यंत्रमानव. अंगाने चांगला कपाटाएवढा, पण बघतो इतकं बारीक, की मुंगीच्या पायावरची लव मोजून देईल. म्हणून माझ्या आजोबांनी त्याचं नाव बारीकराव ठेवलं. धन्यवाद म्हणायची खोडही त्यांनीच लावली.

टेबलावर ते गाठोडं पडलं होतं. हातभर लांब. तागाच्या कापडाच्या पट्ट्या एकमेकींत अशा गुंफलेल्या, की अंगभर शंकरपाळ्यांची नक्षी उमटली होती. वरच्या टोकाला ससाण्याचं तोंड, बाकदार चोच आणि काळ्या रंगाने काढलेले मोठे डोळे. खाडीपूरच्या राजेसाहेबांनी पावणेदोनशे वर्षांपूर्वी ते इजिप्तहून आणलं, आणि त्याच्याही दोन हजार वर्षं आधी कुणीतरी ते बांधलं होतं. इतक्या निगुतीने बांधलेल्या गाठोड्यात काहीच नाही? मग बांधलं कशाला?

संग्रहालयाच्या प्रमुख ऐनापुरे मॅडम यांनी मात्र सुटकेचा निःश्वास टाकला.

"चला, म्हणजे ठरलं," त्या म्हणाल्या. "आत प्राणी असता तर कायद्याने हात लावता आला नसता. आता ते नुसतं जुनं कापड. आज वर्धापनदिन आहेच. संध्याकाळी दालनात सगळ्यांसमोर कात्रीने उघडू. लोक ममी उघडताना बघायला तरी येतील! गेल्या महिन्यात कोण आलं होतं, माहितीये? एक सहल आणि उन्हातून पंख्याखाली बसायला आलेले दोन गृहस्थ."

"मॅडम, एकदा सोडलं की परत बांधता येत नाही," आजोबा हळूच म्हणाले.

माझे आजोबा म्हणजे डॉ. हरेश्वर नाखवा. सगळं आयुष्य त्यांनी ममी तपासण्यात घालवलं. बारीकरावाला त्यांनीच शिकवलं. पण दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांची नस सुकली आणि नजर पार गेली. अजून ती नस जोडता येत नाही. तेव्हापासून त्यांनी संग्रहालयात पाऊल टाकलं नव्हतं. आज मॅडमनी पाहुणे म्हणून पहिल्या रांगेत बसायला बोलावलं, म्हणून मी त्यांना हाताला धरून आणलं होतं.

"सर, तुम्हीच सांगा, आत आहे तरी काय?" मॅडमनी विचारलं. आवाजात कुचेष्टा नव्हती, खरंच विचारत होत्या.

आजोबांनी नुसती मान हलवली. मॅडम खुर्च्या मांडून घ्यायला बाहेर गेल्या. आजोबांनी माझा हात चाचपला आणि म्हणाले, "चल तरू, घरी जाऊ. मला नाही ते कात्रीचं ऐकायचं. माझं काम इथलं संपलंय."

मला रडूच आलं. पण मी आजोबांना ओळखून होते. त्यांना प्रश्न विचारला की ते उठूच शकत नाहीत.

"आधी मला सांगा, ममी करतात म्हणजे नेमकं काय करतात?" मी फतकल मारून बसले.

"आत्ता?"

"आत्ताच."

आजोबा पुन्हा टेकले. "आपल्या वाडीत बोंबील का वाळवतात?"

"टिकावेत म्हणून."

"वाळवले की का टिकतात?"

मला वाटायचं ऊन लागलं की टिकतात. तसं सांगितल्यावर ते हसले. "ऊन नुसतं मदतीला. खरी गोष्ट पाण्याची. कुठलंही मांस कुजवतात ते जिवाणू (डोळ्यांना न दिसणारे इवले जीव). त्यांना जगायला पाणी लागतं. पाणी काढून घेतलं की त्यांची उपासमार, आणि मांस तसंच्या तसं. इजिप्तच्या लोकांनी त्यासाठी नेट्रॉन वापरला (वाळवंटातली तळी आटली की तळाशी उरणारा पांढरा खार). तो तुझ्या आईच्या फडताळातसुद्धा आहे."

"आमच्या फडताळात ममीचं औषध?"

"पापडखार, खायचा सोडा आणि मीठ एकत्र कर. जवळजवळ नेट्रॉन झाला! मीठ आणि खार मांसातलं पाणी ओढून घेतात. शिवाय खारामुळे चरबीचा साबण होतो, म्हणजे खवट वासाचं कारणच गेलं. मग वर राळ (झाडाचा चिकट डिंक) लावायची, म्हणजे दमट हवा आत शिरत नाही. वर तागाच्या पट्ट्या. झाली ममी."

"राजाची करायची ते समजलं. पण पक्ष्याची, मांजराची कशाला?"

"निरोप्या म्हणून. प्रत्येक देवाचा एक लाडका प्राणी. बगळ्यासारखा बाकदार चोचीचा पक्षी लेखन-विद्येच्या देवाचा, मांजर एका देवीचं, मगर पाण्याच्या देवाची. माणसं देवळात जायची, पुजाऱ्याकडून अशी ममी घ्यायची आणि आपलं गाऱ्हाणं सांगून देवाला वाहायची. पोराला ताप आहे, शेजारी छळतो, असलं काहीही. जमिनीखाली बोगदेच्या बोगदे आहेत तिथे, ममींनी ठासून भरलेले. लाखो, तरू. लाखो पक्षी, प्रत्येक वेगळा गुंडाळलेला, आणि प्रत्येकाबरोबर कुणाचं तरी एक मागणं."

लाखो माणसांची लाखो मागणी अंधारात रांगेने ठेवलेली, हे काही डोळ्यांपुढे मावेना. मग एकदम डोक्यात आलं, "पण ते पक्षी आपोआप मेलेले असायचे?"

"सगळे नाही. पुष्कळ प्राणी त्यासाठीच मारले जायचे."

"हे काय! लाडका म्हणायचं आणि मारायचं?"

"मलाही ते आवडत नाही. पण त्यांच्या लेखी तो प्राणी मरत नव्हता, देवाकडे जात होता. आपल्याला पटावं असं नाही. समजून घ्यायला काय हरकत आहे?"

"आणि रिकामी गाठोडी? ती फसवणूकच ना?"

"काही जण तसं म्हणतात. मला नाही वाटत. पूजेला आपण एक सुपारी मांडतो आणि तिला गणपती म्हणतो. कुणी म्हणतं का, भटजींनी फसवलं म्हणून? तसंच एखादं पीस, घरट्यातली काडी, अंड्याचं कवच यांच्यातही पूर्ण पक्षी आहे असं त्यांना वाटत असेल." आजोबा थांबले. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पण तसल्या गाठोड्यात निदान एक पीस तरी असतं. इथे तेही नाही. हेच मला खातंय."

मी ताडकन उठले. "बारीकराव, फोटो दाखव."

भिंतीवर चित्रं उमटली. गाठोडं न उघडता आत कसं बघतात ते आजोबांनी मला पूर्वीच सांगितलं होतं. क्ष-किरण (हाडाचा फोटो काढतात ते अदृश्य किरण) गाठोड्याच्या चारी बाजूंनी सोडायचे. मग यंत्र हिशेब करून काकडीच्या चकत्या कराव्यात तशी आतल्या चकत्यांची चित्रं काढतं. चकत्या एकावर एक रचल्या की आतलं सगळं पुन्हा उभं राहतं. कापड फिकट दिसतं, चिखल करडा आणि हाड पांढरं.

आजोबांना दिसत नव्हतं म्हणून मी एकेक चकती वाचून दाखवत होते. "बाहेर कापडाच्या गोल गोल रेघा. आत करडं. पुढच्या चकतीतही करडं. एकदम स्वच्छ."

"स्वच्छ?" आजोबा म्हणाले.

"हो, आरशासारखं. पण आजोबा, हा तर म्हणाला आत काड्या आहेत. मला एकही काडी दिसत नाहीये!"

"काड्या चित्रातून काढून टाकल्या आहेत," बारीकराव म्हणाला. "नियमाप्रमाणे."

"कुठल्या मेल्याचा नियम?"

"डॉ. नाखवा सरांचा."

आजोबांना हसू फुटलं. "माझाच गं. गाठोड्याला आकार यावा म्हणून ते लोक आत गवताच्या काड्या भरायचे. चित्रात त्यांचा इतका गिचमिडा होतो, की त्यात हाड शोधणं मुश्कील. म्हणून मी याला शिकवलं, बारीक आणि लांबट जे जे असेल ते गवत समजून पुसून टाक. ससाण्याचं सगळ्यात बारीक हाडसुद्धा त्याहून जाड..."

बोलता बोलता ते थांबले. हसू मावळलं. "ससाण्याचं," ते पुन्हा म्हणाले. "मी ससाणा धरूनच चाललो होतो."

"म्हणजे ससाण्याहून लहान कुणी असेल तर?"

"तर त्याची हाडं काड्या म्हणून पुसली जातील. अरे देवा."

मी बारीकरावासमोर कंबरेवर हात ठेवून उभी राहिले. "तू पुसलेला सगळा कचरा दाखव."

"कचरा दाखवण्याची सूचना आजवर कोणी दिलेली नाही."

"मी देतेय ना! दाखव मुकाट्याने."

भिंतभर काड्याच काड्या पसरल्या. आडव्या, उभ्या, तिरक्या. बघून डोळे फिरले. बाहेर लोक जमायला लागले होते, खुर्च्या सरकल्याचे आवाज येत होते. मी एका टोकापासून बघत गेले. गवत. गवत. पुन्हा गवत. मनात म्हटलं, तरूबाई, कात्री चालणार आज. आणि तेवढ्यात एका जागी काड्या शहाण्यासारख्या रांगेत दिसल्या.

"आजोबा, इथे एक कंगवा आहे."

"कंगवा? नीट सांग."

"एकासारख्या एक काड्या. केसाएवढ्या बारीक. दोन बाजूंनी वाकून समोर एकत्र येतायत."

आजोबा उभेच राहिले. काठी खाली पडली, ती त्यांना कळलीसुद्धा नाही. "बरगड्या! बारीकराव, तेवढाच भाग घे. चकत्या होतील तितक्या पातळ कर. आणि काहीही पुसू नकोस, बाबा!"

बारीकराव घुमू लागला. जरा वेळाने भिंतीवर पाठीचा कणा आला. मग इवले पाय. मग शेपटी. शेवटी डोकं, माझ्या अंगठ्याच्या पेरापेक्षाही लहान. दोन हजार वर्षांत हे कुणीच पाहिलं नव्हतं, आणि मी पाहत होते, चपला घालून, घामेजलेल्या फ्रॉकमध्ये.

तेवढ्यात ऐनापुरे मॅडम आत आल्या. हातात कात्री. त्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, उंदीर! शिरला असेल कापडात आणि मेला असेल तिथेच. त्याने काय होतंय? चला सर, लोक खोळंबलेत."

"उंदीर?" आजोबा म्हणाले. "मला बघू द्या."

मॅडमनी खाली पाहिलं.

"अहो, असे गप्प काय? हातात द्या की माझ्या! बारीकराव, ते डोकं नारळाएवढं करून छापून दे."

संग्रहालयाचं छपाईयंत्र कागदावर नाही, घट्ट पांढऱ्या लुकणाने छापतं, थरावर थर देत. मॅडम घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या, पण उभ्या राहिल्या. शेवटी ती गरम गरम कवटी आजोबांच्या हातात आली. त्यांनी डोळे मिटून घेतले. तसे ते मिटले काय, उघडे काय! पण त्यांचा चेहरा मी पूर्वी बघायचे तसा झाला, भिंगातून बघताना व्हायचा तसा.

"पुढचे दात चिमट्यासारखे बाहेर आलेत," ते बोटं फिरवत म्हणाले. "उंदराचेही येतात. पण उंदराला पुढच्या दातांनंतर मोकळी फट असते, मग दाढा. तरू, इथे बोट लाव. फट आहे?"

"नाही. दातच दात. सगळे टोकदार."

"हे किडे खाणाऱ्याचे दात. आता गालावर ये. उंदराला इथे हाडाची कमान असते. इथे?"

"काहीच नाही. सपाट."

"आणि डोळ्यांची खोबण?"

मी शोधली. खरंच शोधावी लागली. "नावालाच आहे, आजोबा."

"मग ही चिचुंद्री," आजोबा म्हणाले.

"शी!" माझ्या तोंडून निघून गेलं. रात्री मोरीतून येणारी, चीं चीं करणारी, घाण वास मारणारी चिचुंद्री! तिला बघून आई झाडू घेऊन धावते, आणि तिची ममी?

मॅडमनी मान हलवली. "उंदीर काय, चिचुंद्री काय, शिरलीच असेल ना आत?"

"बारीकराव, तिच्या अंगाभोवती काय आहे?" आजोबांनी विचारलं.

"स्वतंत्र कापड. अतिशय तलम. राळ लावलेलं. चारी पाय अंगाशी सरळ केलेले. शेपटी दुमडून पोटाशी ठेवलेली."

"ऐकलंत?" आजोबा म्हणाले. "चमचाभर साखरेएवढंही वजन नसेल तिचं. कुणीतरी तिला खारात वाळवलं, शेपटी न मोडता दुमडली, तलम कापडात गुंडाळली, आणि मग ससाण्याच्या पोटात ठेवली. आत शिरून मेलेला प्राणी स्वतःला गुंडाळून घेत नाही, मॅडम. ही जात खास आहे. शास्त्रज्ञांना आधी तिच्या ममी मिळाल्या, जिवंत चिचुंद्री फार नंतर सापडली."

"पण ससाण्यातच का?" मी विचारलं.

"ससाणा हा होरस नावाच्या देवाचा पक्षी. होरस म्हणजे आकाशाचा देव. सूर्य आणि चंद्र हे त्याचे दोन डोळे. दिवसा तो ससाण्यासारखा वर, सगळं बघत असतो. पण ज्या रात्री सूर्यही नसतो आणि चंद्रही नसतो, तेव्हा?"

"तेव्हा त्याला डोळेच नाहीत!"

"बरोबर. तेव्हा तो आंधळा असतो. तरी थांबत नाही, अंधारातून वाट काढतच असतो. आता रात्री फिरणारा, डोळे नावापुरते असलेला आणि नाकाने नि मिशांनी जग चाचपणारा प्राणी कोणता?"

मी त्या पांढऱ्या कवटीकडे बघत राहिले. बाहेर ससाणा, आत चिचुंद्री. बाहेर बघणारा देव, आत न दिसणारा. गाठोडं रिकामंही नव्हतं आणि खोटंही नव्हतं. बांधणाऱ्याने सगळा देव त्यात बांधला होता, दिवसासकट आणि रात्रीसकट.

"दिसत नाही म्हणून त्यांनी त्याला कमी नाही लेखलं," आजोबा म्हणाले. हे ते कुणाला म्हणाले, कोण जाणे. मी त्यांना घट्ट मिठी मारली आणि त्यांच्या सदऱ्याला नाक पुसलं.

मॅडमनी कात्री खणात टाकली आणि खण लावून घेतला. मग त्या मटकन खुर्चीत बसल्या. "हे उघडायचं नाही. प्रश्नच नाही. पण सर, बाहेर दालन भरलंय. त्यांना मी दाखवू काय?"

"दाखवायचं कशाला?" आजोबा म्हणाले. "पडदे लावा. दिवे बंद करा. आणि बारीकराव, अशा आणखी कवट्या छाप, आणि एक अख्खी चिचुंद्रीसुद्धा."

दालनात मिट्ट अंधार झाला तेव्हा एक पोरगं किंचाळलं, कुणीतरी "लाइट गेली वाटतं" म्हणालं, पुष्कळ खसखस पिकली. आम्हा तिघांना दालनाच्या मधल्या टेबलापर्यंत जायचं होतं. मॅडम दारातच धडपडल्या. मी एका खुर्चीला गुडघा आपटून घेतला आणि आई गं म्हणून तिथेच थांबले, कारण पुढे काय आहे ते मला अजिबात कळेना.

"खांद्यावर हात ठेव माझ्या," आजोबा म्हणाले. "मॅडम, तुम्ही तरूच्या ठेवा. या असे."

आणि ते सरळ चालू लागले. तीस वर्षं ज्या फरशीवरून फिरले, तिच्यावरून ते भराभर गेले, एका खांबाला वळसा घातला आणि टेबलापाशी थांबले. त्यांनी पहिल्या रांगेतल्या कुणाच्या तरी हातात ती कवटी दिली.

"सावकाश बघा," आजोबा अंधारात सगळ्यांना म्हणाले. "घाई नको. बोटांना थोड्या वेळाने दिसायला लागतं."

हळूहळू हसणं थांबलं. कवट्या एका हातातून दुसऱ्या हातात जात होत्या. कुणीतरी लहानग्याने विचारलं, "डोळे कुठायत हिचे?" आणि आजोबांनी सगळं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, पापडखारापासून. त्यांचा आवाज भरदार लागला होता. पूर्ण दालन श्वास रोखून ऐकत होतं, आणि दिवे लावा असं कुणीसुद्धा म्हणालं नाही.

मॅडम माझ्या कानाशी वाकल्या. "तरू, तुझ्या आजोबांना विचार ना, आपल्या तळघरात अशी न उघडलेली आणखी गाठोडी पडून आहेत. ते येतील का, रोज?"

मी विचारायच्या आधीच अंधारातून आजोबांचा आवाज आला.

"ऐकलंय मी. उद्या सकाळी येतो. आणि तो गवताचा नियम आधी पुसून टाका."